मदत हवी आहे: पायथन मॉड्यूलमधले फक्त आपलेच क्लास कसे वेचायचे?

नाशिकच्या द्राक्षबागांसाठी फवारणी-नोंदींचा प्रोग्रॅम लिहितोय, पायथन 3.11 वर. प्रत्येक अहवालाचा वेगळा क्लास. नवा टाकला की मेनूत आपोआप दिसावा.

मॉड्यूलमधल्या गोष्टींची यादी देणारं इन्स्पेक्टचं गेटमेंबर्स (inspect.getmembers), फक्त क्लास निवडणारं इझक्लास (isclass) लावून वापरलं, तर इम्पोर्ट केलेले डेटटाइम, पाथसुद्धा यादीत घुसतात. म्हणून क्लासचं डबल अंडरस्कोअरवालं मॉड्यूल (__module__, म्हणजे तो कुठल्या मॉड्यूलमध्ये लिहिला ते नाव) माझ्या पॅकेजच्या, म्हणजे मॉड्यूलांच्या फोल्डरच्या, नावाशी ताडून पाहिलं. पाहुणे गेले, पण उपमॉड्यूलांतून पॅकेजच्या इनिट फाइलमध्ये (__init__.py) आणलेले घरचेही गेले! मूळ क्लासवरून बनलेले क्लास देणारं सबक्लासेस (__subclasses__) थेट मुलंच देतं, नातवंडं नाही. शिवाय गेटमेंबर्स नावांनुसार क्रम लावतं. मला इम्पोर्टचाच क्रम हवाय.

प्रत्येक क्लासच्या डोक्यावर नोंदणीची खूण म्हणून डेकोरेटर लावणं नको, काही फायली दुसऱ्यांच्या आहेत.

मग मॉड्यूलमधली नावं आलेल्या क्रमाने देणाऱ्या व्हार्सवर (vars) फिरून प्रत्येक क्लासच्या मॉड्यूलचं नाव पॅकेजच्या नावाने सुरू होतं का, एवढं तपासणं पुरेल, की ऑलची (__all__, बाहेर द्यायच्या नावांची) यादी हाताने ठेवावीच लागेल?