शब्दचर्चा : गरज, इच्छा, हौस आणि बेगमी

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवते. गाव आपल्या गरजा कशा भागवतो, हे सांगताना मी ‘गरज’ आणि ‘इच्छा’ ही जोडी वापरते. पण ‘इच्छा’ म्हटले की मुले ‘मला डॉक्टर व्हायची इच्छा आहे’ अशी वाक्ये सांगतात आणि वस्तूंचा विचार मागे पडतो. येथे अधिक नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद : ‘हौस’ घ्यावा. गरज भागते, हौस फिटते; क्रियापदांतूनच मुलांना फरक जाणवतो, शिवाय ‘हौसेला मोल नाही’ हे त्यांनी घरी ऐकलेले असते. ‘चैन’ मात्र टाळावा, कारण त्यात ठपका आहे, आणि गणपतीसाठी हौसेने मखर करणाऱ्या घराकडे मुलाने तशा नजरेने पाहणे योग्य नाही.

प्रतिसाद : हौस मान्य, परंतु वस्तूंची दोन गटांत वाटणी करून पाठ संपवू नये, असे मला कळकळीने वाटते. गाव गरजा कशा भागवतो, याचे उत्तर ‘बेगमी’, म्हणजे पुढच्या दिवसांसाठी आधीच करून ठेवलेला साठा, या शब्दात आहे. आमच्या रायगडात पावसाळ्याच्या तोंडाशी बेगमीसाठी होणाऱ्या खरेदीला ‘आगोटची खरेदी’ म्हणतात. तांदूळ, मीठ, मिरच्या, सुके बोंबील, सोडे (सोललेली सुकी कोळंबी), अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, लाकूडफाटा अशी यादी फळ्यावर लिहावी आणि प्रत्येक वस्तू कोणाच्या हातून घरात येते, हे मुलांनाच विचारावे. कांदा पातीसकट माळेत गुंफून वर टांगतात, कारण जमिनीलगतच्या ओलीत तो सडतो. म्हणजे त्या माळेत शेतकऱ्याच्या पिकाबरोबर गुंफणारीचे कसबही आपण विकत घेतो. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, म्हणून कोळीवाड्यात मासळी आधीच वाळवून ठेवतात. पूर्वी कोळीण सुकी मासळी देऊन भात घेत असे. भातवाल्याला त्या दिवशी मासळी नको असेल तर तिने काय करावे, एवढे विचारले तरी पैसा कशासाठी लागतो, हे मुले स्वतःच सांगतात.

हापूसचे उदाहरणही अवश्य द्यावे. मुंबईकर हौसेने पेटी घेतो. त्याच पैशांतून बागायतदार मजुरी चुकवतो आणि मजुराच्या घरी तांदूळ येतो.

प्रश्नकर्ती : ‘हौस’ आणि ‘बेगमी’ दोन्ही वर्गात घेईन. मोबाइल कोणत्या गटात घालावा?

प्रतिसाद : कोणाच्या हातातला, हे आधी विचारावे. वादळाचा इशारा मिळावा म्हणून तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जवळ ठेवतो, तेव्हा तो गरज. मुलाला खेळ खेळण्यासाठी नवा हवा असतो, तेव्हा हौस.