बायकोला उद्या डिस्चार्ज, बाळ अजून काचेत, रात्री थांबायचं कसं?

गुहागरवाला
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. रात्रीचे पावणेदोन झालेत, बाहेर पाऊस कोसळतोय आणि मी सरकारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसलोय. गेल्या शनिवारी बायकोचं सिझर झालं, ३३ वा आठवडा होता, मुलगी, १६५० ग्रॅम. जन्मल्या जन्मल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास वॉर्डात नेली ती अजून तिथेच. परवा ऑक्सिजन काढला, आता नळीने दूध चालू आहे.

उद्या हिला डिस्चार्ज आणि बाळ आणखी निदान दोन आठवडे आत. घर गुहागरच्या पलीकडे, तवसाळची फेरीबोट धरावी तर या दिवसांत तिचा भरवसा नाही आणि चिपळूणवरून फिरून यायचं म्हटलं तर ओले टाके असलेल्या बाईला रोज कशी आणू. आई म्हणते बाळंतिणीला शेकशेगडी नाही तेल नाही, तिला घरी पाठव, बाळाकडे तू थांब. अगं पण दूध काय मी देऊ? त्यात पाचवी पुजायची राहिली म्हणून आईचे फोनवर फोन आणि ते ऐकून ही रडते. वजन पण १५३० वर आलंय, डॉक्टरांना विचारायची भीती वाटते. मी स्वतः अजून आत गेलेलो नाही, बापाला सोडत नसतील असंच धरून चाललोय. आम्ही रात्री थांबून काही उपयोग असतो का? कोण राहिलंय का असं?

मालवणी_आवस
रे बाबा, आधी जेवलंस काय तू?
मी राहिलेय, २३ रात्री. माझा झिल १४०० ग्रॅमचा होता, आता अंगणात कोंबड्यांच्या मागे धावतो. आमचं प्रायव्हेट होतं, नाव घेत नाही, तिथला वॉचमन रात्री दहाला सगळ्यांना गेटबाहेर काढायचा, मी तीन रात्री रिक्षात बसून दूध काढलंय पावसात. चौथ्या दिवशी नवऱ्याने आवाज चढवला तेव्हा जनरल वॉर्डात एक कॉट दिली. म्हणजे मागितल्याशिवाय मिळत नाही एवढं लक्षात ठेव.
हिला घरी अजिबात नेऊ नको. आईला सांग मऊ भात, कुळथाची पिठी, डब्यात काय ते पाठव, शेकशेगडी महिन्याने पण होते. आणि पाचवीचं म्हणशील तर माझ्या सासूने घरीच पाटावर कोरा कागद नि पेन ठेवून पुजली, म्हणाली सटवाय काय घराचो पत्तो इचारून येना नाय, तिका हॉस्पिटल म्हायत आसा. 😄
पुढून बटणं असलेले गाऊन सहा तरी घे, या हवेत काही सुकत नाही.

नाईटड्युटी
मी अशाच वॉर्डात सिस्टर आहे, दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे तुमच्या इथलं नक्की तिथलेच सांगतील. पण दादा, आधी वजनाचं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचं वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत आम्ही घाबरत नाही, तुमचं सात-साडेसात टक्के उतरलंय. लवकर जन्मलेल्यांना परत जन्माच्या वजनावर यायला दोन आठवडे पण लागतात. नळी आहे कारण चोखणं, गिळणं आणि श्वास हे तिन्ही एकत्र जमायला साधारण ३४ आठवडे व्हावे लागतात, तुमची अजून त्या उंबऱ्यावर आहे. पुढे वाटी-चमचा किंवा बोंडल्याने देतील मग अंगावर.

रात्री थांबायचं मुख्य कारण दूधच. दर दोन-तीन तासांनी काढायचं, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी, आणि रात्रीचं चुकवायचं नाही कारण दूध आणणारं हार्मोन रात्री जास्त असतं. घरी नेलंत की पहिल्यांदा रात्रीचं बंद होतं आणि चार दिवसांत दूध आटलं म्हणून रडारड, हे मी किती वेळा बघितलंय सांगू. काढलेलं बाहेर चार तास, फ्रीजमध्ये २४ तास चालतं, वाटीवर नाव आणि वेळ लिहून द्या. घुटी मध काही म्हणजे काही नाही, आजी लोक बोटाला लावून आणतात.

सकाळी डॉक्टर राउंडला आले की विचारा, आईला राहायला खोली आहे का आणि कांगारू केअर कधी चालू करायची. १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला बाळांना ऊब द्यायच्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून आईच्या छातीवर बाळ ठेवायला सुरुवात झाली, आता पेटी असली तरी हेच सांगतात, बाळ स्टेबल असलं की. एका वेळेला तासभर तरी ठेवायचं, पाच मिनिटांसाठी उचलाउचल करून बाळच दमतं. आणि बापाला सोडत नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं? सरकारची २०१७ ची गाईडलाईनच आहे घरच्यांना आत घेऊन शिकवायची. अंगठी घड्याळ काढा, कोपरापर्यंत हात धुवा आणि विचारा. सर्दी असेल तर मात्र नको.

सरकारीत आजारी बाळाचा खर्च जननी शिशु सुरक्षा या सरकारी योजनेत येतो, औषधं, तपासण्या, घरी सोडायची गाडी. आईचं जेवण सिझरला सातच दिवस, म्हणजे उद्यापासून डब्याची सोय बघा. आणि डिस्चार्जच्या वेळी डोळ्यांची तपासणी विचारायला विसरू नका, दोन किलोच्या आतल्या बाळांचा पडदा महिन्याच्या आत बघावा लागतो. धावपळीत नेमकं हेच राहतं.

जुनंखोड
आमच्या वेळी सात महिन्यांची पोरं कापसात गुंडाळून घरीच वाढवली. एवढी नाटकं नव्हती. बाळंतीण घरीच बरी.

मालवणी_आवस
वाढली ती दिसतात काका, गेली त्यांची गणती कोण करतंय.

लांजेकर
बापाच्या बाजूने सांगतो. मला सिस्टरने शर्ट काढायला सांगितला तेव्हा मी इकडेतिकडे बघत होतो, वॉर्डात सगळ्या बायका. मग टोपी मोजे घातलेलं ते एवढंसं छातीवर ठेवून वरून कापडाने बांधलं आणि मी दीड तास हललो नाही, पाठीला मुंग्या, लघवीला लागलेली, तरी नाही. पहाटे तीन ते साडेचार माझी पाळी ठरली, त्या वेळात ही झोपायची. ते केल्यावर मला पण बाकड्यावर झोप लागायला लागली, त्याआधी नुसता फोन बघत बसायचो तुझ्यासारखा.
बाकी बारीकसारीक: चटई आण, थर्मास आण, ओडोमास आण, चार्जर दोन आण कारण एक कोणीतरी मागून नेतंच. आणि दोघांपैकी एकाने रोज आंघोळ करून बाहेर एक फेरी मारायची.

गुहागरवाला
सगळ्यांचे आभार. सकाळी विचारलं. खोली आहे, चार आयांना मिळून एक, हिला कोपऱ्यातली कॉट मिळाली. आईला पाटावर कागद पेनचं सांगितलं तर लगेच तयार झाली, वर म्हणते पेन निळं हवं का काळं. 😀 डॉक्टर म्हणाले सोमवारपासून कांगारू, आधी ही मग मी. हात धुवून आत जाऊन आलो आत्ताच. बोट धरलं तिने.
लांजेकर, पुढून उघडा शर्ट चालतो का पूर्ण काढायचा? तेवढं सांगा.

लांजेकर
बटणं उघडी टाकली तरी चालतात. बनियन मात्र घालून जाऊ नको, मी गेलो होतो.