सापाची सहल: डोंगरवाटा, आठवडी बाजार आणि सोबत सासूबाई

घोडबंदरकर (ठाणे) यांचा प्रश्न:

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचे ठरले असून, हनोई आणि 'हा लाँग' उपसागर पाहून झाल्यावर उत्तरेकडील सापा या डोंगरी गावी तीन-चार दिवस काढावेत, असा विचार आहे. आम्ही दोघे, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई, असे चौघे जण आहोत. आम्हा तिघांना सह्याद्रीत हिंडण्याची सवय आहे. सासूबाईंचे गुडघे मात्र कुरकुरतात, त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि डोंगरापेक्षा बाजारात त्यांचे मन अधिक रमते. सहलीच्या कंपन्यांकडे चौकशी केली, तेव्हा फान्सीपान शिखराची केबल कार, कात कात हे खेडे आणि हॉटेलात एक रात्र, एवढाच ठरलेला कार्यक्रम सगळ्यांनी पुढे केला.

मुक्काम सापात करावा की खालच्या दरीतील एखाद्या खेड्यात? भातशेतीच्या पायऱ्या त्या दिवसांत कशा दिसतात? बाजार कोणता पाहावा? आणखी एक शंका आहे, ती विचारताना थोडा संकोच वाटतो. ह्मोंग आणि दाओ या तिथल्या डोंगरी जमातींच्या अंगणांतून जाताना, ही मंडळी आपल्याला बघायला आली आहेत, असे त्यांना वाटू नये, यासाठी कसे वागावे?

नेरूळचा वाटसरू (नवी मुंबई) यांचे उत्तर:

आधी भातशेतीविषयी सांगतो, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. छायाचित्रांत दिसणाऱ्या हिरव्या-पिवळ्या पायऱ्या दिवाळीत नसतात. सापा साधारण १५०० ते १६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास वसलेले आहे. थंडीमुळे तिथे वर्षातून भाताचे एकच पीक निघते. मे-जूनमध्ये लावणी होते आणि सप्टेंबर संपेपर्यंत कापणी उरकते. तुम्ही जाल तेव्हा खाचरांत धसकटे असतील. तरीही मी हाच काळ सुचवेन, कारण हवा कोरडी असते, दरी मोकळी दिसते आणि वाटा घसरड्या नसतात. सप्टेंबरमधील सोनेरी शेते सुंदर असतात खरी, पण तो वादळांचाही महिना आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळानंतर लाओ काय या सापाच्याच प्रांतात दरडी आणि पूर यांनी मोठी प्राणहानी झाली होती. डिसेंबर-जानेवारीत धुके असे उतरते की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही.

बाजारासाठी 'बाक हा' हे गाव गाठा. तिथला बाजार रविवारी भरतो आणि दुपार कलू लागली की पांगतो, म्हणून सहलीचे वार त्याच्याभोवती बसवावेत. शनिवारी रात्री हनोईहून सुटणारी गाडी पहाटे लाओ काय स्थानकावर पोहोचते. तिथून सापाला न जाता थेट बाक हाची वाट धरावी, बाजार पाहून घ्यावा आणि संध्याकाळपर्यंत सापाला पोहोचावे. आधी सापाला जाऊन तिथून बाक हाला निघालात, तर एका बाजूनेच शंभरेक किलोमीटर होतात आणि सासूबाईंचा सगळा दिवस घाटवळणांत जाईल.

या बाजारात मला कापडापेक्षा गुरांचे मैदान अधिक आवडले. एक म्हातारा रेडकाचा ओठ वर करून दात तपासत होता, मालक मात्र दुसरीकडेच पाहत उभा होता आणि दोघांपैकी कोणीही भावाचा आकडा काढत नव्हते. म्हशींच्या बाजाराला गेलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. पलीकडे मक्याची दारू प्लास्टिकच्या कॅनमधून विकतात आणि चव पाहायला झाकणात ओतून देतात. मोठमोठ्या कढयांत थांग को नावाचा घोड्याच्या मांसाचा रस्सा शिजत असतो, त्या रांगेकडे सासूबाईंना नेऊ नये.

कापडाबाबत एकच सूचना आहे. 'फुलवाल्या ह्मोंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातील बायकांचे रंगीबेरंगी घागरे डोळे दिपवतात, पण त्यांतील पुष्कळ कापड आता यंत्रावर छापलेले असते. घेण्याआधी कापड उलटे करून पाहावे. हाताच्या भरतकामात मागे दोऱ्यांच्या गाठी आणि टाक्यांचा थोडा गोंधळ दिसतो. मेणाने नक्षी काढून निळीत बुडवलेले कापड दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसते, छापील कापड मात्र मागून फिके असते. अस्सल निळीचे कापड पहिल्या काही धुण्यांत रंग सोडते, ते कधीही वेगळे भिजवावे.

चरईचा भटक्या (ठाणे) यांचे उत्तर:

वरील सल्ल्याशी सहमत आहे. मुक्कामाबाबत माझे मत स्पष्ट आहे: सापा शहरात राहू नका. तिथे आता उंच हॉटेले, कराओके आणि न संपणारी बांधकामे आहेत. मुओंग होआ दरीतील ता वान हे गिआय या आणखी एका जमातीचे गाव शहरापासून दहाएक किलोमीटरवर आहे आणि तिथे घरगुती मुक्कामाची सोय सहज होते. पुष्कळ घरांत पाहुण्यांच्या गाद्या लाकडी माळ्यावर घातलेल्या असतात आणि वर जायला उभी शिडी असते, म्हणून आरक्षण करतानाच तळमजल्याची खोली आणि कमोड यांची खात्री करून घ्यावी.

सापाहून लाओ चाय या खेड्यामार्गे ता वानपर्यंतची वाट बहुतांशी उताराची आहे, आणि दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच अधिक छळतो. तुम्ही तिघांनी ती चालावी, सासूबाईंनी सामानासह टॅक्सीने पुढे जावे. गावात सपाट रस्त्यावर, ओढ्याकाठी त्यांना हवे तेवढे फिरता येईल. दाओंपैकी 'लाल दाओ' लोकांचे ता फिन हे गावही गाडीने गाठता येते. तिथे लाकडी पिंपात वनौषधींच्या कढत पाण्याचे स्नान मिळते, ते त्यांना निश्चित मानवेल, मात्र रक्तदाबाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

फान्सीपान सुमारे ३१४७ मीटर उंच आहे. २०१६ साली सुरू झालेली केबल कार सहा किलोमीटरांहून लांब असून ती शिखराच्या बरीच जवळ नेते, तरी वरच्या स्थानकापासून सुमारे सहाशे पायऱ्या उरतात. त्यासाठी रुळांवरची वेगळी छोटी गाडी आहे. आरक्षण आधी करू नका. सकाळी उठून आभाळ पाहावे आणि मगच तिकीट काढावे. कात कात वगळले तरी चालेल. तिथे भाड्याचे पोशाख घालून छायाचित्रे काढणाऱ्यांचीच गर्दी असते.

वाटेत पाठीवर टोपल्या घेतलेल्या ह्मोंग बायका तुमच्यासोबत चालू लागतात, गप्पा मारतात आणि शेवटी वस्तू विकतात. काही घ्यायचे नसल्यास पहिल्या वळणावरच नम्रपणे तसे सांगून मोकळे व्हावे, इतकेच सुचवतो.

बेलापूरची ताई (नवी मुंबई) यांचे उत्तर:

शेवटच्या मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. सापातील अनेक मोठी हॉटेले बाहेरून आलेल्या धनिकांची आहेत. पर्यटकांच्या खर्चातला फार थोडा भाग ज्यांच्या नावाने ही सहल विकली जाते त्या खेड्यांपर्यंत पोहोचतो. टोपली घेऊन चालणारी बाई सकाळी आपल्या गावातून चालत शहरात आलेली असते आणि तुमच्याबरोबर पुन्हा त्याच वाटेने परतते. तिला पहिल्या वळणावर परत पाठवण्यापेक्षा, दिवसभर वाट दाखवण्याचे काम देऊन त्याचे पैसे आधीच ठरवावेत. या बायका पर्यटकांशी बोलून बोलून उत्तम इंग्रजी शिकल्या आहेत. शेताचे पाणी बांधाबांधाने कसे उतरवतात, निळीची पाने किती दिवस कुजवतात, हे त्यांच्याइतके कोणी सांगणार नाही. त्यांच्या हातांकडे पाहावे, निळीत काम करणारीची बोटे नखांपर्यंत निळसर-काळी झालेली असतात.

लहान मुलांकडून मात्र काहीही विकत घेऊ नये, चॉकलेट किंवा पैसेही देऊ नयेत. मूल रस्त्यावर कमावू लागले की त्याला शाळेत पाठवायला घर कचरते. पाठीवर बाळ बांधलेली सात-आठ वर्षांची मुलगी पुढे आली की मन कळवळते, तरीही हे पाळावे.

तुमच्या संकोचाविषयी म्हणाल, तर पावसाळ्याच्या तोंडावर येऊरच्या पाड्यांवरील बायका शेवळी आणि करवंदे घेऊन ठाण्यात बसतात, तेव्हा आपण भाजीचे नाव विचारतो, कशी करायची ते ऐकतो, वाटा घेतो आणि पुढे जातो, त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरत नाही. तिथेही तसेच वागावे. छायाचित्र हवे असल्यास आधी विचारावे आणि नकार आला तर विषय तिथेच सोडावा. दारातून घरात डोकावू नये. घासाघीस करण्यास हरकत नाही, ती तिथल्या बाजाराची रीतच आहे, पण महिनोन्महिने खपून केलेल्या भरतकामाचा भाव निम्म्याखाली पाडून दाखवण्यात फुशारकी वाटू नये.

घोडबंदरकर यांनी पुन्हा लिहिले:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारच्या रात्रगाडीभोवती कार्यक्रम बसवत आहे आणि वाटाड्या म्हणून गावातील बाईच पाहू. सासूबाईंच्या जेवणाचे तेवढे सांगावे.

नेरूळचा वाटसरू यांचे उत्तर:

सापा शहरात भारतीय खाणावळी आहेत, प्रश्न खेड्यातल्या मुक्कामाचाच उरतो. यजमानांना 'आन चाय', म्हणजे शाकाहारी, एवढेच सांगून भागत नाही. भाजीत माशाचे पाणी, म्हणजे नुओक माम, पडते आणि परतायला डुकराची चरबी वापरलेली असू शकते. मांस, मासे, माशाचे पाणी आणि चरबी यांपैकी काहीही नको, असे व्हिएतनामी भाषेत लिहून घेऊन फोनमध्ये ठेवावे आणि आरक्षणाच्या वेळीच कळवावे. मग टोमॅटोतला टोफू, परतलेला कोबी, भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे आणि भात असे सुरेख जेवण मिळते. मेतकूट आणि लोणच्याची बाटली सोबत असू द्यावी. तिथला भात चिकट असतो, तुपावाचून तो सासूबाईंच्या घशाखाली उतरणे अवघड आहे, म्हणून तुपाचा छोटा डबाही घ्यावा, मात्र डबा आणि बाटली दोन्ही विमानात हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत टाकावीत.