उत्तर: डुप्लिकेट फोटो डिलीट करताना

फाइलचं नाव सारखं दिसलं की एक कॉपी उडवा, असा सल्ला वरच्या पोस्टमध्ये दिलाय, तो कृपा करून पाळू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोंच्या नावातले नंबर ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. माझ्याकडे जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या आणि पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव, दोन्ही फोटो एकाच नावाचे आहेत!

डुपगुरूसारखं सॉफ्टवेअर नाव नाही, तर फाइलच्या आतला डेटा ताडून बघतं, ते वापरा. व्हॉट्सॲपवरून आलेली कॉपी त्यात सापडणार नाही, कारण फोटो तिथं दाबून लहान होतो आणि तारखेची नोंदही जाते. त्यासाठी 'सारखे दिसणारे' फोटो शोधायची सोय वापरा, आणि ठेवायची ती मोठी, मूळ फाइलच. आधी सगळ्याचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, मगच डिलीटला हात लावा.