एमएसच्या दर एमआरआयला कॉन्ट्रास्ट हवाच का?

निशिगंध
माझ्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. दर वर्षी एमआरआय आणि दर वेळी कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये काही जागा उजळवणारं गॅडोलिनियम या धातूचं इंजेक्शन. तब्येत स्थिर असेल तर हे इंजेक्शन थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. कॉन्ट्रास्टने मेंदूतली सगळी सूज दिसते हा समज चुकीचा आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा जिथे झिरपतोय तेवढीच जागा उजळते, तीही साधारण २ ते ८ आठवडे. वर्षातून एकदा काढलेल्या स्कॅनमध्ये ती सापडेलच कशावरून? फ्लेअर या कॉन्ट्रास्टशिवायच्या एमआरआय चित्रावरचा पांढरा डाग मात्र सहसा मागे राहतो. जुना स्कॅन शेजारी लावला की नवा डाग कळतो. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी वारंवार गॅडोलिनियम घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या खुणा दाखवल्या, २०१७ मध्ये युरोपने लिनियर प्रकारातली (गॅडोलिनियमला सैल धरून ठेवणारी) काही कॉन्ट्रास्ट औषधं थांबवली. त्यातून अपाय होतो हे सिद्ध झालेलं नाही, मान्य. पण फायदा नसताना धातू अंगात कशाला साठवायचा? २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीही पाठपुराव्यात कॉन्ट्रास्ट जपून वापरा असंच सांगतात.

फिल्मवाचक
साफ असहमत. मी एमआरआय टेक्निशियन आहे. 'जुना स्कॅन शेजारी लावला की' म्हणता, पण तो असतो कुठे? पेशंट येतो तो फिल्मचा लिफाफा घेऊन. सीडी असलीच तर ओरखडे पडलेली. मागचा स्कॅन १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकावर, ५ मिलिमीटरच्या स्लाइस, मध्ये गॅप. आमचा ३ टेस्लावर, १ मिलिमीटरचा थ्रीडी फ्लेअर. आता ३ मिलिमीटरचा डाग दिसला, तर तो नवा की मागच्या वेळी गॅपमध्ये निसटलेला? तिथे तो उजळला तरच ताजा असल्याचं छातीठोक सांगता येतं. यावर महागडं औषध बदलायचं की नाही ते ठरतं.

सह्याद्री७
तुम्ही दोघंही नव्या डागांपाशीच अडकलात. हळूहळू बळावणाऱ्या एमएसमध्ये पडदा बऱ्यापैकी शाबूत असतो आणि आत जुन्या डागाच्या कडेने मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) धुमसत राहतात. गॅडोलिनियमला ते दिसतच नाही. त्या पेशींत साठलेलं लोह ससेप्टिबिलिटी एमआरआयवर (लोह टिपणारी स्कॅनची पद्धत) काळ्या कडीसारखं उमटतं, तेही सुईशिवाय. रिपोर्टमध्ये त्या कडीचा उल्लेख मागा.

फिल्मवाचक
मागा, पण स्कॅनची ती पद्धत (सीक्वेन्स) नीट लावणारी आणि वाचणारी सेंटर किती? याच पेशी टीएसपीओ या प्रथिनावरून दाखवणाऱ्या पेट स्कॅनचं तर नावच नको. त्यात बऱ्याचदा लागणारा किरणोत्सारी कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून तो बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र जवळच लागतं. शिवाय टीएसपीओला चिकटून तो दाखवणाऱ्या नव्या ट्रेसर औषधांपैकी बरीचशी एका जनुकीय फरकामुळे काही लोकांत नीट चिकटतच नाहीत.

निशिगंध
निदानाच्या वेळी, नवा झटका आल्यावर किंवा तुलनेला काहीच नसताना कॉन्ट्रास्ट द्या, त्याला माझा विरोध नाही. पण बहिणीचे सगळे स्कॅन एकाच मशीनवरचे आहेत, स्कॅनच्या मूळ डिजिटल (डायकॉम) फाइल्स पेनड्राइव्हवर आहेत. तरी फॉर्मवर 'विथ कॉन्ट्रास्ट' आधीच छापलेलं असतं. ते का, एवढं सांगा.

फिल्मवाचक
तुमच्या बहिणीपुरतं पटलं. फॉर्म मात्र छापील असू नये, न्यूरोलॉजिस्टने दर वेळी स्वतः लिहावं. लिफाफेवाल्या पेशंटला मी कॉन्ट्रास्टशिवाय घ्यायला तयार नाही.