कर्करुग्णांसाठी गोल्फ स्पर्धा: प्रवेश शुल्क ही देणगी ठरते का?

प्रश्न (मडगाव): कर्करुग्णांच्या मदतीसाठी गोल्फ स्पर्धा घेण्याचा आमच्या मंडळाचा विचार आहे. नवखे आणि मुरलेले खेळाडू एकत्र कसे खेळवावेत, आणि प्रवेश शुल्कावर करसवलत मिळते का?

उत्तर (फोंडा): चौघांचे संघ करून ‘स्क्रॅम्बल’ पद्धत ठेवावी. तीत सर्वांत चांगल्या जागी पडलेल्या चेंडूपासून चौघेही पुढचा फटका मारतात, त्यामुळे नवख्याचा चेंडू झाडीत गेला तरी संघाचे बिघडत नाही.

उत्तर (पणजी): शुल्काच्या बदल्यात खेळ आणि जेवण मिळते, म्हणून तेवढी रक्कम देणगी मानता येणार नाही. देणगी वेगळी, मान्यताप्राप्त संस्थेला आणि बँकेमार्फत द्यावी. २,००० रुपयांवरील रोख देणगीला सवलत नाही.

उत्तर (पेडणे): निधीतून रुग्णांच्या रुग्णालयापर्यंतच्या प्रवासाचा खर्च आधी द्यावा, कारण रेडिएशनसाठी अनेक आठवडे जवळजवळ रोज जावे लागते. चषकांवरचा खर्च कमी केला तरी चालेल.