एस्पोझितो: भिंतीतल्या चाकातून आलेलं आडनाव

एस्पोझितो हे इटलीतलं आडनाव जुन्या सरदार घराण्याचं असावं, असं एकांनी लिहिलंय. तसं नाही हो. लॅटिन 'एक्सपोझितुस', म्हणजे बाहेर ठेवलेलं, सोडलेलं मूल, त्यावरून ते आलंय. नेपल्सच्या आन्नुन्त्सियाता अनाथालयाच्या भिंतीत लाकडी फिरतं पिंप होतं, तेच हे 'चाक'. रस्त्यावरून त्यात बाळ ठेवायचं, पिंप फिरलं की बाळ आत. ठेवणारी दिसायचीच नाही. १८७५ मध्ये ते चाक बंद झालं, पण नेपल्समध्ये आजही हेच आडनाव सर्वांत जास्त.

मिलानमध्ये अशा सोडलेल्या मुलांचं आडनाव कोलोम्बो, कारण त्यांना घेणाऱ्या तिथल्या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर. फ्लॉरेन्सला इन्नोचेंती. तिथल्या संग्रहालयात बाळांसोबत आलेली अर्धी तोडलेली पदकं जपून ठेवलीत. दुसरा अर्धा तुकडा आईकडे, कधी परत आलीच तर ओळख पटावी म्हणून. मला तर वाचूनच गलबलून आलं.